अळणी पंगत

फार मागची गोष्ट. तेव्हा डोंगराच्या माथ्यावर एक गाव होते आणि पायथ्याला, खाडीच्या काठाने, मिठागरे होती. वर मीठ पिकत नसे आणि खाली धान्य पिकत नसे. मधल्या घाटातून बैलांचे तांडे ये-जा करत, म्हणून दोन्हीकडच्या ताटांना चव होती.

त्या राज्याच्या राजाने मिठासाठी एक नेम घालून दिला होता. मीठ मोकळे विकायचे नाही. मिठागरातच ते लहान मडक्यांत भरायचे, तोंडाला फडके बांधायचे आणि त्यावर ओली माती लिंपायची. माती ओली असतानाच तिच्यावर कवडीची पाठ दाबायची. जितके ठसे, तितक्या कवड्या त्या मडक्याचे मोल. बैलांचा चारा, घाटाची पट्टी, वाण्याचा नफा, सगळे त्या ठशांतच धरलेले असे. मडके खाडीकाठी विका नाहीतर डोंगरमाथ्यावर, मोल तेच. अक्षर न येणाऱ्यालाही ते वाचता येई आणि डोळ्यांनी अधू असलेल्यालाही. अंगठा फिरवला की झाले.

या नेमाच्या पाठोपाठ लोकांनी आपण होऊन एक रीत घातली होती. तिला ‘मोल बोलणे’ म्हणत. दुकानात मोल वाण्याने सांगायचे नाही, गिऱ्हाइकाने बोलायचे. मडके हातात घ्यायचे, ठशांवरून अंगठा फिरवायचा आणि चारचौघांना ऐकू जाईल असे म्हणायचे, “पाच कवड्यांचे मीठ घेते.” मग वाणी म्हणे, “पाचाचेच देतो.” एवढे झाल्याशिवाय कवड्या हातातून सुटत नसत.

डोंगरमाथ्यावरच्या त्या गावात भिवराई नावाची एक बाई होती. ती सून होऊन आली तेव्हा गावातला थोरला वाणी जिवंत होता. त्याच्या दुकानातला तो काळ भिवराईला पुढे जन्मभर आठवत राहिला. सकाळी दुकान उघडले की बायकांची रांग लागे. सुक्या खोबऱ्याचा आणि गोणपाटाचा वास येई. एकीचा आवाज बारीक, एकीचा घोगरा, एकीचा पाळण्यातल्या पोराला न उठवण्याइतका हळू. पण प्रत्येकीचे मोल ऐकू येई. थोरला वाणी तर इतका सावकाश, की गावात एक मुकी बाई होती, तिने पाची बोटे वर करेपर्यंत तो मडक्यावरचा हात काढत नसे. भिवराईची सासू तिला म्हणायची, “मोल बोलताना लाजू नये. मागून बोटे मोडण्यापेक्षा आधी तोंड उघडावे.” आणि भिवराई बोलत असे. त्या सकाळी तिला आपला आवाज आवडत असे.

पुढे दिवस पालटले. घाटाने वर्दळ वाढली, गावात पैसा आला. भिवराईच्या घरी बैलजोड्या वाढल्या, तिचा नवरा आबाजी पंचांच्या शेजारी बसू लागला, आणि घर मानाचे झाले. एकदा राजधानीत दिलेली तिची नणंद माहेरपणाला आली होती. ती भिवराईबरोबर दुकानात गेली. भिवराईने मडके घेऊन अंगठा फिरवला, तशी नणंद पदराआड हसली आणि घरी आल्यावर सगळ्यांदेखत म्हणाली, “वहिनी, एवढे गोठाभर बैल बांधलेत, आणि मिठाचे मोल अजून ओरडून सांगता होय?”

सगळे हसले. भिवराईही हसली. पण ते बोलणे तिला काट्यासारखे रुतले. दुसऱ्या खेपेला तिने दुकानात मडके उचलले, कवड्यांचा बटवा पुढे केला आणि हळूच विचारले, “किती द्यायचे?”

मानाच्या घरची बाई जे करते ते गाव करते. आज भिवराई बोलली नाही, उद्या पाटलीण बोलली नाही, परवा सोनारीण. मोल बोलणे म्हणजे गरिबीचे लक्षण, असे ठरून गेले. रीत मोडली असे कोणी म्हणाले नाही, कारण कोणी ती मोडलीच नव्हती. सगळ्यांनी ती नुसती ठेवून दिली होती, जुनी पातळे ठेवून देतात तशी.

थोरला वाणी वारला. गादीवर त्याचा मुलगा सोमशेट बसला. तो काही जन्माचा लबाड नव्हता. पण समोरचा माणूस रोज “किती द्यायचे?” असे विचारू लागला, तर उत्तर देणाऱ्याची जीभ किती दिवस सरळ राहील? पहिल्यांदा त्याने सहा म्हटले, तेव्हा त्याचाच आवाज कापला. कोणी काही बोलले नाही. मग सातासाठी त्याने घाटाचे कारण सांगितले, बैल दमतात म्हणून. आठासाठी सांगितले, की मी मडकी राखेत पुरून कोरडी ठेवतो, त्याचे कोण देणार? शेवटी तर त्याने सगळ्या मडक्यांच्या तोंडावर चुना फासला. ठसे चुन्याखाली गेले आणि मडकी पांढरीशुभ्र, सारखी दिसू लागली. लोक म्हणाले, सोमशेटचे दुकान कसे नीटनेटके.

घरी नेऊन मडके फोडले, की मातीचा चुरा होई. ठसे कोणी पाहिले नाहीत.

अशी वर्षे गेली. भिवराईच्या केसांत चांदी आली. थोरल्या मुलाचे लग्न झाले आणि केसर नावाची सून घरात आली. ती खाडीकाठची, मिठागरातल्या माणसांची लेक. अंगाने किडमिडी, बोलायला मोकळी. धाकट्या मुलीचे, ठकूचे, लग्न ठरले होते आणि घरात पापड-सांडग्यांची धांदल चालली होती. अशात एके दिवशी भिवराईने केसरला मीठ आणायला धाडले.

केसर दुकानात गेली. तिने मडके हातात घेतले आणि अंगठा फिरवला. अंगठ्याला नुसता चुना लागला. तिने सोमशेटला विचारले, हे काय लावलेत?

“मुंग्या लागू नयेत म्हणून,” सोमशेट म्हणाला.

“मिठाला मुंग्या कधीपासून लागायला लागल्या, शेट?”

दुकानात होते ते हसले. सोमशेट हसला नाही. केसरने नखाने चुना खरवडला, खालचे ठसे चाचपले आणि तिच्या गावाकडे अजून बोलतात तसे मोठ्याने म्हणाली, “पाच कवड्यांचे मीठ घेते.”

बरीच वर्षे त्या दुकानात ते शब्द कोणी उच्चारले नव्हते. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने तर चमकून मागे पाहिले, जणू थोरला वाणीच आला. सोमशेटने आठ मागितल्या. केसरने पाच पुढे ठेवल्या. त्याने त्या परत सरकवल्या. ती म्हणाली, ठसा पाचाचा आहे. तो म्हणाला, ठसा मिठागरातला आहे आणि दुकान माझे आहे. शब्दाने शब्द वाढला. अखेर सोमशेटने मडके तिच्या हातातून काढून घेतले आणि सगळ्यांसमोर सांगितले, “जा, सासूला सांग. घरातले मोठे माणूस येऊन माफी मागेपर्यंत तुमच्या घराला माझ्याकडे मीठ नाही. पाचालाही नाही आणि आठालाही नाही.”

केसर रिकाम्या हाताने घरी आली. घडले ते तिने सगळे सांगितले, एक शब्द न लपवता.

भिवराईच्या अंगाची लाहीलाही झाली. सोमशेटवर नव्हे, सुनेवर. तिने केसरला बोलू नये ते बोलून घेतले. मिठागरातली ती मिठागरातलीच, मानाची घरे तीन कवड्यांसाठी तोंड वाजवत नसतात, लग्न तोंडावर आले आणि हिने घराची शोभा केली, असे काय काय. केसर खाली मान घालून ऐकत राहिली. शेवटी एवढेच म्हणाली, “आत्याबाई, मी जास्त मागितले नाही. कमीही दिले नाही.”

आता पंचाईत अशी होती. गावात दुसरे दुकान नव्हते. शेजारणीकडून आणावे, तर त्या मुलखात मीठ उसने घेत नसत. मीठ उसने घेतले की भांडण घरात येते, आणि लग्नाच्या घरात तर ते मनातही आणायचे नाही. केसरने भीत भीत सुचवले, की माझ्या माहेरी निरोप धाडू, चार मडकी पाठवतील. त्यावर भिवराईच उसळली, “सुनेच्या माहेरच्या मिठाने लेकीची पंगत वाढायची? मग अक्षताही त्यांच्याच आणा.” आबाजीने सुपारी कातरत निकाल दिला. तीन कवड्यांचा तर प्रश्न आहे. जाऊन दोन गोड शब्द बोलून ये, वर आणखी दोन कवड्या दे आणि मिटव.

भिवराईलाही ते पटले. दुसऱ्या दिवशी उन्हे कलल्यावर तिने चांगले लुगडे नेसले आणि ती माफी मागायला निघाली.

वाट ओळखीचीच होती, पण कितीतरी दिवसांत ती त्या वाटेने चालली नव्हती. मोठ्या घरात दुकानाला दुसरेच कोणीतरी जाते. चिंचेखालून वळताना तिला सासूची आठवण झाली. इथेच सासू थांबून पदराची गाठ सोडायची आणि कवड्या मुठीत घ्यायची. दुकान जवळ आले तशी ती नकळत कान देऊन चालू लागली. पण दुकानातून काही आवाज येत नव्हता. बायका आत जात होत्या, मडके घेऊन बाहेर येत होत्या, मुकाट. देवळातून मूर्ती काढून नेल्यावर गाभारा जसा दिसावा, तसे ते दुकान तिला वाटले.

दाराशी एक बाई तिच्या आधी उभी होती. गिरजा तिचे नाव. रानातून लाकडे तोडून आणायची आणि मोळी विकून पोट भरायची. डोक्यावरची चुंबळ अजून तिच्या हातात होती. सोमशेट गिऱ्हाइकांत गुंतला होता, भिवराई दारामागे आहे हे त्याने पाहिले नव्हते. गिरजाने मडके मागितले. त्याने आठ सांगितल्या. गिरजाने मूठ उघडून पाहिली. तिच्याजवळ सहा होत्या.

ती अजिजीने म्हणाली, की परवापर्यंत उरलेल्या आणून देते. सोमशेट उधारी करत नव्हता. अर्धे मडके द्या म्हणाली, तर लिंपलेले मडके फोडता येत नव्हते. मग ती थोडी धीट होऊन म्हणाली, “शेट, तुमच्या वडलांच्या वेळी पाचाला मिळायचे हो.”

सोमशेट चिडला नाही. उलट समजुतीच्या सुरात म्हणाला, “गिरजे, भिवराईच्या घरी आठालाच जाते. एवढे शहाणे घर, ते लोक कधी तरी बोलले का? त्यांना आठ पटतात, आणि तू त्यांच्याहून शहाणी?”

“तेही खरेच,” गिरजा म्हणाली. तिने मूठ मिटली आणि ती वळली. दारात भिवराई दिसली तशी तिने मान लववली आणि बाजूने निघून गेली. तिच्या हातात चुंबळ होती, मीठ नव्हते.

भिवराई जागच्या जागी उभी राहिली. आजवर तिला वाटे, की तीन कवड्या जास्त दिल्या तर आपले काय जाते. आणि ते खरेही होते, तिचे काही जात नव्हते. जे जात होते ते गिरजाच्या हंडीतून जात होते. सोमशेटने मोल ठरवले होते ते घाटावरून नव्हे आणि राखेवरूनही नव्हे. त्याने ते भिवराईच्या गप्प बसण्यावरून ठरवले होते.

सोमशेटने तिला पाहिले आणि तो लगबगीने उठला. “या वहिनी, या. तुम्ही कशाला त्रास घेतलात? पोरसवदा सून आहे, चालायचेच.” त्याने बसायला घोंगडी झटकली. माफी तिने मागायच्या आधीच त्याने दिली होती. फक्त ती घ्यायची होती, आणि आठ कवड्या द्यायच्या होत्या.

भिवराई बसली नाही. तिने पुढचे मडके उचलले. चुना वाळून घट्ट झाला होता, तो खरवडताना तिचे नख दुखावले. मग तिने अंगठा फिरवला. ठसे तिथेच होते.

बोलायला तोंड उघडले, तर आवाज निघेना. इतक्या वर्षांत शब्द गंजले होते. तिने अंगठा पुन्हा ठशांवर टेकवला आणि ती म्हणाली, “पाच कवड्यांचे मीठ घेते.”

सोमशेटचा चेहरा उतरला. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाला, की वहिनी, तुम्हाला म्हणून पाचाला देतो, आतल्या दाराने न्या, पण असे मोठ्याने नको.

“मला म्हणून नको,” भिवराई म्हणाली. “मोल ज्याचे-त्याचे नसते, मडक्याचे असते. गिरजाला हाक मार. तिला पाचाला दे, मग मी घेईन.”

“मग सगळ्यांनाच द्यावे लागेल.”

“ते मी सांगायला नको.”

सोमशेटने मडके परत घेतले आणि फळीवर ठेवले. भिवराई मीठ न घेता घरी आली.

घरी आबाजी वाटच पाहत होता. काय झाले ते ऐकून त्याने कपाळाला हात लावला. एक बोलकी होती, आता दोन झाल्या, असे तो म्हणाला. भिवराईने त्याच्याशी वाद घातला नाही. ती ठकूजवळ जाऊन बसली, कारण लग्न ठकूचे होते. मीठ मिळाले नाही तर पंगत अळणी वाढावी लागेल, हे तिने लेकीला सांगितले. वऱ्हाडी हसतील, सासरी टोमणे ऐकावे लागतील, तुला चालत नसेल तर मी आत्ता परत जाते आणि माफी मागते. हे बोलताना तिचा जीव टांगणीला लागला होता. लेकीची अब्रू पणाला लावायचा आईला काय अधिकार, असे तिला वाटत होते.

ठकू हातांवरची मेंदी वाळवत होती. ती म्हणाली, “टोमणे तर तसेही मारणार आहेत, आई. निदान कशावरून मारतात ते मला माहीत असेल.” मग हसून म्हणाली, “आणि वहिनीला एकटीला किती दिवस बोलणी खाऊ देणार?”

केसर चुलीपाशी होती. तिने तोंड फिरवून डोळे पुसले. धूर झाला होता, असे तिने सांगितले.

लग्नाचा दिवस उजाडला. अक्षता पडल्या. मांडवात पाने मांडली. वऱ्हाडी बसले, गाव बसले. सोमशेटलाही आवतण होते. पाटापासून उदबत्तीपर्यंत त्याचा मान इतरांइतकाच ठेवला होता. त्या मुलखात पानात सगळ्यांत आधी मीठ वाढत, वरच्या अंगाला, चिमूटभर. मगच बाकीचे पदार्थ. त्या दिवशी वाढपी आले, त्यांनी चटणी वाढली, कोशिंबीर वाढली, भात वाढला, वरण वाढले. मिठाची जागा मोकळी राहिली.

वराचा चुलता वडीलधारा आणि खवैया होता. त्याने पानाकडे पाहिले आणि हाक मारली, की अहो, मीठ राहिले वाढायचे.

मांडवात सगळ्यांच्या कानी पडेल असे भिवराईने सांगितले, “राहिले नाही, काका. नाही आहे. अन्नातही नाही आणि पानातही नाही. आम्हाला ठशाच्या मोलाने मिळाले नाही, आणि ठशाहून जास्त आता आम्ही द्यायचे नाही असे ठरवले आहे. आजवर दिले, ती चूक माझी. तुम्हाला अळणी जेवायला बसवले, त्याची माफी मागते. ही माफी मात्र मी मागायलाच हवी.”

पाहुण्यांनी गावकऱ्यांकडे पाहिले, गावकऱ्यांनी खाली. मग हळूहळू सगळ्यांची नजर एका पानाकडे वळली.

सोमशेट अर्धवट उठला. तो म्हणाला, की एवढेच ना, आत्ता गडी पाठवून चार मडकी आणवतो, माझ्याकडून ठकूला आहेर समजा. कवडी नको.

किती सोपे होते ते. पंगत खारी झाली असती, मान राहिला असता, आणि फुकट. आबाजी तर होकार द्यायला पुढेही झाला.

“आहेर नको, सोमा,” भिवराई म्हणाली. तो लहान असताना ती त्याला अशीच हाक मारत असे. “पाच कवड्यांना दे. मला एकटीला नाही. या मांडवात बसलेल्या सगळ्यांना, आणि मांडवाबाहेर मोळी टेकून उभी आहे तिलाही.”

वराचा चुलता म्हणाला, “मग दे की बाबा. पाच म्हणायला काय लागते? मला तर भूक लागली आहे.” काही जण हसले.

सोमशेटच्या ओठांपर्यंत तो आकडा आला असेल. पण वर्षानुवर्षे जे गिळले ते एका घटकेत बाहेर कसे पडणार? तो पुन्हा पाटावर बसला. चुलत्याने थोडी वाट पाहिली, मग चित्राहुती घातली आणि पहिला घास घेतला. चेहरा वाकडा न करता तो चावला. “अळणी आहे,” तो म्हणाला, “पण शिजले चांगले आहे.” त्याच्यामागे सगळी पंगत जेवली. सोमशेटने घास तोंडात घातला आणि तो तोंडातल्या तोंडात फिरवत राहिला. त्याच्या घरात मिठाच्या मडक्यांची उतरंड छताला लागली होती, आणि त्याला घास उतरत नव्हता. त्याच्या पानावर कोणी बोट दाखवले नाही. भिवराईने स्वतः येऊन त्याला आग्रहाने भात वाढला.

वरात गेली आणि दुसऱ्याच दिवशी भिवराई चावडीवर गेली. आजवर तिथे मिठाची तक्रार कोणी केली नव्हती, आणि तक्रारीवाचून पंच तरी काय करणार? तिच्याबरोबर केसर होती आणि गिरजा होती. घरून निघताना तिघी होत्या. चिंचेशी पाटलीण मिळाली, सोनारीण मिळाली, आणि चावडी येईपर्यंत मागे बायकांची रांग लागली. आबाजी पंचांच्या शेजारी बसायचा, तो त्या दिवशी उठून खाली बायकोच्या बाजूला येऊन उभा राहिला. सुपारी कातरणे मात्र त्याने सोडले नाही.

पंचांनी दुकानातली मडकी मागवली आणि सोमशेटला स्वतःच्या हातांनी त्यांचा चुना धुवायला लावला. खालून ठसे निघाले, आणि ते सगळ्यांनी मोजले. नेम सरळ होता, त्यामुळे निवाडाही सरळ झाला. ज्यांच्याकडून जास्त घेतले त्यांना मिठाने परतफेड करायची. आणि वर्षभर दुकानात मोल वाण्याने बोलायचे. गिऱ्हाईक येताच त्याने आपण होऊन मडके पुढे करायचे, ठसा दाखवायचा आणि मोठ्याने म्हणायचे, “पाच कवड्यांचे मीठ देतो.” जो वाणी ठसा झाकील, त्याचे दुकान राजा झाकील.

गिरजाला पहिले मडके मिळाले. भिवराईने परतफेड घेतली नाही. गप्प बसण्याचे मोल अजून आपल्याकडून फिटायचे आहे, असे ती म्हणाली.

सोमशेटने वर्ष काढले. सुरुवातीला त्याचा आवाज दुकानाच्या उंबऱ्यापर्यंतही पोचत नसे, मग पोचू लागला. दुकान काही बुडाले नाही. ठशात धरलेला नफा पुरत होता, पूर्वीही पुरतच होता.

वर्ष संपल्यावर बायका पुन्हा आपणच बोलू लागल्या. पण खरे सांगायचे, तर थोरल्या वाण्याच्या वेळचा गोडवा काही परत आला नाही. तेव्हा मोल बोलण्यात विश्वास होता, आता त्यात जागेपण आले होते. बायका ठसा दोनदा चाचपत आणि सोमशेटच्या डोळ्यांत पाहून बोलत. एकदा हातून सुटलेला काळ मागे वळून येत नाही. केसरने एकदा विचारले, की आत्याबाई, तुम्हाला त्या जुन्या सकाळी फार आठवतात का? भिवराई म्हणाली, “आठवतात ग. म्हणून तर वाईट वाटते, की त्या कोणी नेल्या नाहीत. आम्हीच त्यांना लाजलो.” मग तिने पदराची गाठ सोडून कवड्या मुठीत घेतल्या आणि दोघी मिठाला निघाल्या.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, या गोष्टीचे सांगणे एकच: ज्याला परवडते तो वाजवी मोल मागायला लाजला, की त्याची किंमत ज्याला परवडत नाही त्याला मोजावी लागते.